एका कोपीत पाच जण, चट्टा मात्र एकालाच – असे का?



या पत्रिकेत या जागेवर एरवी बेणे, लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी मजकूर असतो. या वेळचा विषय निराळा आहे. ऊस विकास खात्याच्या माणसाने आरोग्यावर का लिहावे, असे कुणी म्हणेल. कारण असे की आमच्या खात्याची माणसे दररोज शिवारात फिरतात, तोडणी टोळ्यांच्या कोप्यांवर जातात, गट कार्यालयात बसतात. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघर येतात, तेव्हा काही दारांतून "आमच्यात तसलं काही न्हाई" असे सांगून त्यांना परत लावले जाते, हे आमच्या नजरेस पडते. आणि गटावर बसल्या बसल्या एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, एका कोपीत पाच माणसं राहत्यात, एका तव्यावरची भाकरी खात्यात. चट्टा उठतो एकालाच. मग ह्यो रोग जंतूचा कसा? नशिबाचाच म्हणायचा की!"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे याच प्रश्नावर डोके खपवले आहे. उत्तर आता बरेचसे हाती आले आहे, आणि ते नशिबात नसून आपल्या शरीराच्या राखणदारीत आहे. ही राखणदारी कशी चालते हे एकदा समजले, की रोग लपवण्यात काय तोटा आहे आणि औषध अर्धवट सोडण्यात काय धोका आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. मी शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून शेतकऱ्याला समजेल अशाच भाषेत सांगतो.

पनवेल तालुक्यातील दोन ठिकाणे

आपल्यापैकी बरेच जण कामानिमित्त मुंबईला जातात. बोरघाट उतरला की पनवेल लागते. या पनवेल तालुक्यात आपल्या विषयाशी संबंध असलेली दोन ठिकाणे आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे नेरे येथील शांतिवन. पनवेलपासून माथेरानच्या डोंगराकडे जाताना हे गाव लागते. तेथे कुष्ठरोग निवारण समितीने कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम उभे केले. ज्या काळी रोग्याला घराबाहेर काढत, विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्या काळात हाता-पायांत व्यंग आलेल्या माणसांना तेथे आसरा आणि काम मिळाले.

दुसरे ठिकाण खारघर. येथे टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोगावरील संशोधन केंद्र आहे. त्यातली कॅन्सर संशोधन संस्था पूर्वी मुंबईत परळला होती, ती २००२ साली खारघरला आली. कर्करोगाच्या संस्थेचा कुष्ठरोगाशी काय संबंध, असे वाटेल. पण कुष्ठरोगावरची एक भारतीय लस याच संस्थेच्या परळच्या प्रयोगशाळेत तयार झाली. ती हकिगत पुढे येईल.

नेऱ्याला राखणदारी हरल्यावर माणसाचे काय होते ते दिसते, आणि खारघरच्या संस्थेने परळला असताना ती राखणदारी जागी कशी करावी याचा शोध घेतला. आता मूळ विषयाकडे वळू.

पहिली फळी : बांध, कुंपण आणि राखणदार

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वे देशातील हॅन्सन नावाच्या डॉक्टरने शोधून काढला. हा जंतू क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ म्हणावा असा आहे. उपचार न झालेल्या रुग्णाच्या, विशेषतः ज्याच्या अंगात जंतू भरपूर आहेत अशा रुग्णाच्या, शिंकण्या-खोकण्यातून तो बाहेर पडतो आणि दीर्घकाळ निकट राहणाऱ्या माणसाच्या नाकावाटे आत शिरतो. हात मिळवल्याने, एकदा शेजारी बसल्याने किंवा एका एस.टी.त प्रवास केल्याने तो होत नाही.

आत शिरणाऱ्या कोणत्याही जंतूला प्रथम अडवतात ती कातडी आणि नाक-घशाचे ओलसर अस्तर. हे आपले बांध आणि कुंपण. ते ओलांडून जंतू आत आला की राखणदार भेटतात. यांना भक्षक पेशी म्हणतात. त्या जंतूला गिळतात आणि आपल्या पोटात जिरवतात. हे प्रथम दाखवून दिले मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्याने समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी भोवताली लाल होते, ठणकते, पू धरतो. तोही हाच गराडा. या कामाबद्दल त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पहिल्या फळीला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात. ती शिकावी लागत नाही, उपजतच असते, आणि काही मिनिटांत-तासांत कामाला लागते. पण राखणदाराला परका ओळखू कसा येतो? तर जंतूंच्या अंगावर काही पदार्थ असे असतात की जे आपल्या शरीरात नसतातच. कुष्ठजंतूचे अंग एका विशिष्ट मेणचट वेष्टणाने झाकलेले असते. असे परके पदार्थ ओळखणारी ग्राहके आपल्या राखणदारांच्या अंगावर असतात. ही ओळखण्याची रीत प्रथम फळमाशीत १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत उघड झाली, आणि १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी तिचे जोडीदार ग्राहक उंदरात दाखवले. दोघांना २०११ साली नोबेल मिळाले.

येथे उसाचे उदाहरण उपयोगी पडेल. उसालाही अशी उपजत ताकद असते. उसाच्या पेशी बुरशी ओळखतात. प्रतिकारक जातीत बुरशी शिरलेल्या जागेच्या पेशी स्वतः मरून तिचा रस्ता अडवतात. पण उसाच्या अंगात फिरते राखणदार नाहीत, आणि एकदा आलेला रोग लक्षात ठेवून दुसऱ्या वेळी नेमका त्याच्यावर तुटून पडणारी, आपल्यासारखी फौजही नाही. म्हणून जात काणीला बळी पडणारी असेल तर आपण उसाला लस टोचत नाही. बेण्याला उष्णप्रक्रिया करतो, काणीचे बेट उपटून जाळतो, आणि अखेर जातच बदलतो. को ७४० च्या बाबतीत जुन्या सभासदांना हे आठवत असेल. माणसाची जात बदलता येत नाही. पण माणसाजवळ दुसरी फळी आहे.

दुसरी फळी : नमुना, तबक आणि चिठ्ठी

दुसरी फळी म्हणजे टी पेशी आणि प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या बी पेशी. टी पेशींची गंमत अशी की प्रत्येकीला एकाच प्रकारचा परका तुकडा ओळखता येतो. अशा कोट्यवधी निरनिराळ्या पेशी अंगात फिरत असतात. कुष्ठजंतू ओळखणाऱ्या त्यांत मोजक्याच. आणि टी पेशीला सबंध जंतू दिसतच नाही. तिच्यापुढे जंतूचा तुकडा करून, मांडून ठेवावा लागतो. हे काम पहिल्या फळीतलेच राखणदार करतात.

आपल्या कारखान्याचे उदाहरण घ्या. गाळप सुरू होण्यापूर्वी चिटबॉय तुमच्या फडात येतो. तो सगळा फड उचलून नेत नाही. नमुन्याचे चार ऊस तोडतो, त्याला चिठ्ठी बांधतो, प्रयोगशाळेत पोचवतो. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, जात, लागणीची तारीख असते. त्या नमुन्यावरून पक्वता ठरते आणि मग टोळी सुटते.

शरीरात हे चिटबॉयचे काम करणाऱ्या पेशींना डेंड्रिटिक पेशी म्हणतात. झाडाला फांद्या असाव्यात तसे त्यांना फाटे असतात. कातडीतल्या अशा पेशी लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ सालीच पाहिल्या होत्या. पण फाटे पाहून त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. त्यांच्या जातीचे खरे काम अमेरिकेत राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ पासून उलगडले. २०११ च्या नोबेलात त्यांचाही वाटा होता. पारितोषिक जाहीर झाले त्याच्या तीनच दिवस आधी ते वारले होते.

ही पेशी काय करते ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी – ती जंतूला गिळते आणि पोटात त्याचे बारीक तुकडे करते. आपण चरकात ऊस घालून कांडी कांडी मोडतो तसे.

दुसरी पायरी – त्यातला एखादा तुकडा ती एका खास तबकात ठेवून आपल्या अंगाच्या बाहेर धरते. या तबकांना एचएलए असे नाव आहे. टी पेशीला तुकडा नुसता दाखवून उपयोग नाही, तो आपल्या शरीराच्या तबकातच दिसला पाहिजे, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली ऑस्ट्रेलियात सिद्ध केले. त्यांना १९९६ साली नोबेल मिळाले.

तिसरी पायरी – नमुना घेऊन ती जागेवर थांबत नाही. लसीकेच्या वाहिन्यांतून जवळच्या गाठीकडे निघते. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हाताची चिघळली की काखेत येते, हे आपण सगळे जाणतो. त्या गाठीच टी पेशींचे गट कार्यालय. तेथे हजारो टी पेशी येतात, नमुना चाचपतात, पुढे जातात. जिचा जोड जमतो ती थांबते, आणि एकीच्या दोन, दोनीच्या चार अशा वाढत जाते. गाठ सुजते ती या लगबगीने. ही फौज तयार व्हायला साधारण आठवडा लागतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची – चिठ्ठी. डेंड्रिटिक पेशी नुसता तुकडा दाखवत नाही. आपल्या ग्राहकांनी खरोखर परका जंतू ओळखला असेल, तरच ती सोबत "धोका आहे" अशी दुसरी खूण दाखवते. तुकडा आहे पण खूण नाही, असे झाले तर टी पेशी उठत नाही. उलट तिला गप्प राहण्याचीच शिकवण मिळते. हा नियम आपल्या हिताचाच आहे. नाहीतर स्वतःच्याच शरीराचे तुकडे पाहून फौज स्वतःवर उठली असती. पण याचा अर्थ असा, की दुसऱ्या फळीची किल्ली पहिल्या फळीच्या हातात आहे. राखणदाराने धोका ओळखला नाही, तर पुढची फौज असून नसल्यासारखी.

कुष्ठजंतू कोठे डाव साधतो

आता आपल्या मूळ प्रश्नावर या. कुष्ठजंतू घाईचा नाही. साधे जंतू वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. त्याला अंगातली थंड जागा आवडते : नाक, कानाची पाळी, कातडी आणि कातडीजवळून जाणारे मज्जातंतू. आणि तो राहतो कोठे? ज्या महाभक्षी पेशीने त्याला गिळून मारायचे, तिच्याच पोटात! चोराने राखणदाराच्या झोपडीतच बिऱ्हाड करावे तसा प्रकार.

अशा वेळी प्रतिद्रव्यांचा उपयोग होत नाही, कारण ती पेशीच्या बाहेर फिरतात आणि चोर आत बसलेला असतो. येथे टी पेशीच लागते. नमुना नीट दाखवला गेला, चिठ्ठी बरोबर असली, तर टी पेशी तेथे येऊन इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक निरोप देते. तो मिळाला की सुस्त पडलेली महाभक्षी पेशी खडबडून उठते आणि पोटातला जंतू मारते. सुमारे ९५ टक्के माणसांच्या बाबतीत जंतू आत शिरला तरी रोग होत नाही. कोपीतल्या पाचांपैकी चौघांच्या अंगात कदाचित जंतू शिरलाही असेल. त्यांच्या राखणदारांनी त्याचा निकाल लावला, त्यांना पत्ताही लागला नाही.

पाचव्याचे काय झाले? येथे तबकांची गोष्ट पुन्हा येते. एचएलए तबके सगळ्यांची सारखी नसतात. अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून येतात. दोन सख्ख्या भावंडांची तबके तंतोतंत जुळण्याचा संभव चारात एक इतकाच. एकाच्या तबकात जंतूचा तुकडा घट्ट बसतो, दुसऱ्याच्या तबकात तो नीट बसत नाही. चीनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कुष्ठरोगाचा संबंध ज्या जनुकांशी दिसला, त्यांत एक या तबकांचे होते, आणि एक जंतूला आतून ओळखणाऱ्या उपजत ग्राहकाचे होते. म्हणजे पहिली फळी आणि दुसरी फळी, दोन्ही. त्यात जंतूंशी किती वर्षे, किती जवळून गाठ पडली, खाणे-पिणे कसे होते, हेही येते.

सभासदांनी यातला फरक नीट ध्यानात घ्यावा. रोग आईबापांकडून येत नाही. तो जंतूनेच होतो. फक्त त्या जंतूला ओळखण्याची ठेवण प्रत्येकाची निराळी. एकाच शेतात, एकाच पाण्यावर दोन जाती लावल्या तर काणी एकीत जास्त येते. त्यात त्या उसाचे पाप नसते.

रोगाची दोन टोके

राखणदारी किती जमली यावरून रोगाचे रूप ठरते. १९६६ साली रिडले आणि जॉपलिंग यांनी याची पाच पायऱ्यांची शिडी मांडली. शिडीच्या एका टोकाला असा रुग्ण, ज्याच्या टी पेशी जोरात आहेत. त्याच्या अंगावर एक-दोनच बधिर चट्टे असतात, जंतू जवळजवळ सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला ज्याच्या टी पेशी या जंतूपुरत्या झोपलेल्या आहेत असा रुग्ण. त्याच्या महाभक्षी पेशी जंतूंनी खच्चून भरतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, अंगावर गाठी येतात, भुवया झडतात. गंमत म्हणजे त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये भरपूर असतात. पण ती निरुपयोगी.

मधल्या पायऱ्यांवरही रुग्ण असतात. एकच जंतू आणि इतकी निरनिराळी रूपे! फरक जंतूत नाही, राखणदारीत आहे.

मज्जातंतू आणि मध्येच उठणारी सूज

परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. जंतू मज्जातंतूंत कसा शिरतो आणि त्यांच्यामधून कसा पसरतो हे त्यांनी दाखवले. त्यांचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. या रोगात जाणीव जाते ती या कारणाने. जाणीव गेली की गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा चटका समजत नाही, पायात खोडव्याचा बुडखा घुसलेला समजत नाही, जखम चिघळत जाते. बोटे "झडतात" ती जंतूने नव्हे. न कळलेल्या जखमा पुन्हा पुन्हा होऊन, चिघळून ती झिजतात.

आता एक गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचावी. मज्जातंतूंचे नुकसान नुसत्या जंतूने होत नाही. टी पेशींची फौज उशिरा जागी होऊन मज्जातंतूत बसलेल्या जंतूवर तुटून पडते, तेव्हा त्या झटापटीत मज्जातंतूही चेंगरतो. औषध चालू असताना, कधी संपल्यावरही, जुने चट्टे एकदम लाल होतात, सुजतात, कोपराजवळची नस दुखते, हाताची पकड जाते. डॉक्टर याला प्रतिक्रिया म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रियेत ताप येऊन अंगावर दुखऱ्या गाठी उठतात. लोक समजतात, "औषध बाधलं", आणि गोळ्या बंद करतात. हे फार घातक आहे. सूज ही राखणदारांच्या झटापटीची आहे. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डॉक्टर प्रेडनिसोलोनसारखे औषध देऊन झटापट आवरतात. वेळेवर आवरली तर हात वाचतो. महिने लोटले तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही.

परळची लस

आता खारघरच्या संस्थेची हकिगत. ज्याच्या टी पेशी झोपल्या आहेत त्याला नमुना पुन्हा, चांगल्या चिठ्ठीसह दाखवता आला तर? लस म्हणजे दुसरे काय! पण कुष्ठजंतू प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर वाढतच नाही. १९५८ साली परळच्या केंद्रात डॉ. बापट, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून एक जवळचा जंतू वेगळा काढून वाढवला. केंद्राच्या नावावरून त्याला आय.सी.आर.सी. जंतू म्हणतात. तो प्रत्यक्ष कुष्ठजंतू नव्हे. पण त्याचे तुकडे कुष्ठजंतूच्या तुकड्यांशी पुष्कळ जुळतात. म्हणजे नमुना दुसऱ्या फडातला, पण त्याच जातीसारखा. पुण्यात जन्मलेल्या कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

पुढे १९७९ साली त्याच संस्थेत डॉ. एम. जी. देव यांच्या पुढाकाराने हा जंतू मारून त्याची लस बनवण्यात आली. तमिळनाडूत १९९१ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत १ लाख ७१ हजारांच्या आसपास लोकांनी भाग घेतला. १९९८ साली निकाल प्रसिद्ध झाला. आय.सी.आर.सी. लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले, तर क्षयावरच्या बी.सी.जी. लसीने ३४.१ टक्के. तोपर्यंत गोळ्यांनीच रोग झपाट्याने आटोक्यात येत होता, त्यामुळे ही लस घरोघर पोचली नाही. पण झोपलेली राखणदारी जागी करता येते, हे तिने दाखवले. लहान मुलांना बी.सी.जी. टोचून घेण्याचा कुष्ठरोगासाठीही थोडा लाभ आहे, हेही यातून दिसते.

गोळ्यांचे काम

पूर्वी एकटे डॅप्सोन वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावे लागे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही ती औषधे. जंतू कमी असणाऱ्यास सहा महिने, जास्त असणाऱ्यास बारा महिने. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका राहत नाही. त्याला घरात वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. पण रोग गेलेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशात सापडतात. कायदाही बदलला आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ साली कायद्यातून काढून टाकण्यात आले. कायद्यात बदल झाला, आता घराघरांत व्हायला हवा.

सभासदांनी काय करावे

१) अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून सोडून देऊ नये. न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टाच दाखवायचा असतो. त्यावर पिसाने किंवा कापसाने स्पर्श करून डोळे मिटून जागा सांगता येते का, पाहावे.

२) हातापायांना मुंग्या येणे, करंगळी वाकडी होणे, चप्पल पायातून निसटलेली न कळणे, डोळा पूर्ण न मिटणे, कानाच्या पाळ्या जाड होणे, यांपैकी काही दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

३) गोळ्यांचा कोर्स पुरा करावा. रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते. लघवीच्या रंगाला घाबरू नये, आणि कातडीचा रंग औषध संपल्यावर काही महिन्यांत निवळतो. अंगावर पुरळ उठले, कावीळ दिसली किंवा फार थकवा आला तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे.

४) चट्टे सुजले, नस दुखू लागली, ताप येऊन गाठी उठल्या, तर गोळ्या बंद न करता त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

५) घरात रुग्ण निघाल्यास सहवासातील माणसांना तपासून रिफॅम्पिसिनचा एक डोस देण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. ती नाकारू नये.

६) हातापायांची जाणीव कमी झालेल्याने रोज पाय पाण्यात भिजवून, तेल लावून, जखम आहे का ते पाहावे. फडात बूट घालावेत. चुलीवरचे भांडे फडक्याने धरावे.

७) तोडणी टोळ्यांच्या कोप्यांवर तपासणीचे पथक येईल तेव्हा मुकादमांनी मजुरांना, बायाबापड्यांसह, थोडा वेळ मोकळे सोडावे. चट्टा निघालेल्या मजुराला टोळीतून काढू नये. गावी परतताना त्याला उपचाराचे कार्ड सोबत द्यायला आरोग्य केंद्राला सांगावे, म्हणजे त्याच्या गावच्या केंद्रात गोळ्या पुढे चालू राहतील.

ज्याला चट्टा निघाला त्याने काही पाप केलेले नसते. त्याच्या शरीराला तो नमुना नीट ओळखता आला नाही, इतकेच. जे काम त्याच्या राखणदारांना जमले नाही ते सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या करतात. अट एकच : चट्टा वेळेवर दाखवला पाहिजे. तरी सर्व सभासदांनी तपासणीस येणाऱ्या आशाताईंना आणि आरोग्यसेवकांना घरात घ्यावे, बायका-मुलांचीही तपासणी करून घ्यावी, आणि आपल्या गटातील एकही चट्टा लपून राहणार नाही हे पाहावे, ही नम्र विनंती.

– ऊस विकास अधिकारी